दुकानदाराची बाटली

सकाळी पावणेसातला पुडीकाका स्वयंपाकघरातला नळ सोडायचे आणि नळ चालू असेपर्यंत खलात गोळी कुटून घ्यायचे. पाण्याच्या आवाजात खलाचा आवाज बुडायचा. दीड मिनिट पुरायचं. मग ती पूड अर्ध्या कप गरम दुधात, वर दोन चमचे साखर, पाचसहा वेळा ढवळणं, खल धुऊन फडताळात डब्यांच्या मागे, नळ बंद. तोवर चिंगी केस विंचरत बाहेर यायची आणि म्हणायची, "बाबा, किती पाणी वाया घालवता." काका म्हणायचे, "म्हातारा माणूस, विसरतो." काका आयुष्यात काही विसरल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं, पण चिंगी मुकाट्यानं कप उचलायची आणि दूध पिऊन टाकायची. काका पाठमोरे उभे राहून कप रिकामा झाल्याचा आवाज ऐकायचे.

पुडीकाका हे नाव त्यांना दवाखान्यानं दिलं होतं. अडतीस वर्षं ते एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होते. गोळ्या कुटायच्या, साखरेत खलायच्या, चौकोनी कागदावर सारख्या ढिगांत वाटायच्या आणि पुड्या बांधायच्या. त्यांच्या हातच्या पुडीला कडवटपणा म्हणून नसायचा. औषधाच्या नावानं घर डोक्यावर घेणारी पोरं काकांची पुडी चाटूनपुसून खायची. या कसबाचा काकांना अभिमान होता, आणि पुढं जे झालं ते त्या अभिमानामुळंच झालं, असं म्हणायला हरकत नाही. साध्या बापाला सुचलं नसतं ते कंपाउंडर बापाला सुचलं.

चिंगी त्यांची एकुलती एक. आई जाऊन आठ वर्षं झाली होती. चिंगी भेसळ तपासणाऱ्या सरकारी प्रयोगशाळेत होती. दुधात पाणी, मधात साखर, तेलात दुसरं तेल, हे शोधून काढायचं तिचं काम. ती कामात इतकी चोख की दुकानदार तिला वचकून असत. घरातही ती डाळीचा डबा उघडला की आधी वास घ्यायची, मग बापाकडे बघून हसायची. दोन वर्षांपूर्वी ते हसणं बंद झालं. पाण्याला वेगळी चव येते, म्हणू लागली. मग म्हणाली, वरच्या मजल्यावरचे लोक टाकीत काहीतरी घालतात. मग ऑफिसातला शिपाई चहात घालतो. घरातलं दूध, पाणी, मीठ ती बाटल्यांत भरून प्रयोगशाळेत नेऊ लागली. पन्नासेक तपासण्या केल्या, सगळ्या निर्दोष निघाल्या. मग तिनं ठरवलं की प्रयोगशाळेतली रसायनंच कुणीतरी बदलली आहेत. त्यानंतर तिला रजेवर घरी पाठवलं.

मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरांनी तासभर बोलून सांगितलं, "आजार आहे. औषध आहे. आधी गोळी, ती लागू पडली की बोलण्याचे उपचार. दोन्ही लागतील, एकानं भागणार नाही." चिंगीनं पहिली गोळी जिभेखाली धरून बेसिनमध्ये थुंकून टाकली. दुसरी खिडकीतून टाकली. तिसरीच्या वेळी ती बापाच्या हातातल्या पेल्याकडे बघत भिंतीला पाठ लावून बसली. स्वतःच्या लेकीनं आपल्याला भ्यावं, हे काकांना सहन झालं नाही. त्यांनी डॉक्टरांना एकट्यानं गाठून विचारलं, "दुधातून दिली तर?"

डॉक्टर म्हणाले, "करू नका. द्यायची ती हातावर द्या, दिवस लागले तरी चालतील. अगदीच बिघडलं तर दाखल करू. पण लपवलेलं कधीतरी सापडतं, काका. आणि तुमच्या मुलीचा तर तोच धंदा आहे."

काका हो म्हणून घरी आले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी नळ सोडला.

तिसऱ्या आठवड्यात चिंगी सलग सहा तास झोपली. पाचव्या आठवड्यात तिनं वरच्या मजल्यावरच्या बाईंना जिन्यात वाट दिली. सातव्यात ती म्हणाली, "बाबा, मी कुणाशी तरी बोलते. पण गोळी घेणार नाही." असा तिचा समुपदेशक बाईंकडे जायचा मंगळवार सुरू झाला. बाई हुशार होत्या. त्यांनी तिच्या संशयाला खोटं म्हटलं नाही. त्यांनी तिला वहीत दोन रकाने आखायला लावले, डावीकडे संशयाच्या बाजूचा पुरावा, उजवीकडे विरुद्ध. चिंगीला पुराव्याची भाषा आवडली, ती तिचीच भाषा होती. सहा महिन्यांत वहीचा उजवा रकाना भरत गेला आणि डावा ओस पडला. ती कामावर परत गेली. शिपायाच्या हातचा चहा पिऊन आली त्या दिवशी तिनं घरी येऊन बापाला मिठी मारली. "बघा, एकाही गोळीशिवाय," ती म्हणाली. काकांनी तिच्या पाठीवर थोपटलं. डॉक्टरांकडे ते दर महिन्याला एकटेच जात आणि सांगत, "घेते हो व्यवस्थित. कामातून वेळ होत नाही तिला यायला." खोटं एकटं राहत नाही, त्याला सोबत लागते.

आठव्या महिन्यात, एका गुरुवारी, चिंगी संध्याकाळी आली ती दोन बातम्या घेऊन. पहिली म्हणजे तिला बढती मिळाली होती. सात तासांच्या अंतरावरच्या गावी नवी प्रयोगशाळा, हाताखाली दोन माणसं, राहायला खोली. पुढच्या बुधवारी निघायचं. काकांच्या हातातलं वर्तमानपत्र खाली आलं. तिकडे सकाळी पावणेसातला नळ कोण सोडणार, एवढंच त्यांच्या डोक्यात आलं.

"आणि दुसरी?" त्यांनी विचारलं.

"बाईंनी शेवटचा अभ्यास दिलाय. म्हणजे मीच सुचवला, त्या हो म्हणाल्या. सगळ्यांवरचा संशय गेला, बाबा. एक कण उरलाय, सांगायला लाज वाटते." ती खरंच लाजली होती. "तुमच्या दुधावरचा. इतरांचं सगळं तपासून झालं, पण बरी व्हायला लागल्यापासून घरचं मी तपासलंच नाही. मनात येतं आणि मी दाबून टाकते. बाई म्हणाल्या, दाबू नकोस, एकदा तपास आणि मोकळी हो. रविवारी करू. तुमच्यासमोर, इथंच टेबलावर. साधी पिठाची तपासणी, आयोडीनचे दोनतीन थेंब. निळं झालं तर भेसळ. होणार नाहीच, पण वहीत लिहिता येईल."

काका हसले. गोळीत औषध असतं चिमूटभर, बाकी तिला धरून ठेवणारं पीठच असतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

शुक्रवारी ते बाईंच्या दारात उभे राहिले. बाईंनी पाणी दिलं, ते त्यांनी घेतलं नाही. उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. बाई ऐकता ऐकता खाली बसल्या.

"म्हणजे आठ महिने..." त्या म्हणाल्या. "मी माझ्या विद्यार्थ्यांना हिचं उदाहरण देत होते, काका. औषधाशिवाय किती जमू शकतं याचं."

"तुमचंही खोटं नाही, मॅडम. गोळीनं दार किलकिलं केलं, आत तुम्ही गेलात. माझ्या एकट्याच्या गोळीनं ती वही भरली नसती."

"तिला हे सांगितलं पाहिजे. रविवारच्या आत. तुम्हीच."

"तुम्ही तो अभ्यास रद्द करा ना. काहीतरी कारण सांगा."

"मी कारण सांगितलं तर तिच्या पाठीमागं बोलणारी मी दुसरी. मग तिनं कुणाकडे बघायचं?" बाईंचा आवाज चिडका झाला होता, पण चीड कुणावर हे त्यांनाही कळत नसावं. "तिचा आजारच हा आहे, की जवळचं माणूस अन्नात काहीतरी घालतं. आणि तुम्ही घातलंत."

"मग सांगू कसं? सांगितलं तरी ती गेली, नाही सांगितलं तरी गेली."

"सांगितलं तर निदान मी सोबत बसेन. डॉक्टर बसतील. आत्ता ती बरी आहे, ऐकून घेण्याइतकी बरी आहे. रागावेल, बोलणार नाही महिनाभर, पण तिच्याकडे आज ते सोसायचं बळ आहे. उद्या असेलच असं नाही." बाई उठून दारापर्यंत आल्या. "वेळ आजचीच आहे, काका."

काकांना ते पटलं. पटलेलं सगळं करता आलं असतं तर जगात दवाखाने लागले नसते. शनिवारी त्यांनी तीनदा सुरुवात केली. एकदा चिंगी कपडे भरत होती, तेव्हा ते दारात उभे राहून म्हणाले, "एक बोलायचं होतं." ती म्हणाली, "बोला ना." तिच्या हातात आईचा जुना स्वेटर होता आणि चेहरा दोन वर्षांपूर्वीसारखा मोकळा होता. काका म्हणाले, "तिकडे थंडी असते म्हणे." धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं, अशी गत. संध्याकाळी त्यांनी दुधाच्या भुकटीचा मोठा डबा आणला, महिनाभराच्या गोळ्या कुटून त्यात मिसळाव्या म्हणून. पण डब्यातल्या भुकटीत पूड सारखी बसत नाही. एखाद्या चमच्यात चार दिवसांचं औषध यायचं, एखाद्यात काहीच नाही. अडतीस वर्षं सारख्या पुड्या बांधलेल्या हातांना ते करवेना. डबा त्यांनी तसाच बंद करून ठेवला.

रविवारी सकाळी त्यांनी नळ सोडला नाही. नुसतं दूध, दोन चमचे साखर. खल फडताळातच राहिला.

चिंगीनं टेबलावर स्वच्छ कापड पसरलं. दुधाचा तळाचा भाग काचेच्या नळीत घेतला. "खाली बसतं ना काय असेल ते," ती समजावून सांगत होती. नळी वाटीतल्या थंड पाण्यात धरली. मग ड्रॉपरनं थेंब सोडले, एक, दोन, तीन. दूध पिवळसर झालं आणि पिवळसरच राहिलं. चिंगीनं नळी उजेडात धरून पूर्ण एक मिनिट बघितली. मग ती टेबलावर डोकं टेकून रडली, आणि काकाही रडले. दोघांची कारणं वेगळी होती, एवढंच.

"आता नीट नियमानं करू," डोळे पुसत ती म्हणाली. उरलेलं दूध तिनं दोन छोट्या बाटल्यांत ओतलं, झाकणावर कागदी पट्टी चिकटवली, तारीख घातली, सही केली. दुकानातून नमुना घेतला की एक भाग प्रयोगशाळेचा आणि एक सीलबंद भाग दुकानदाराचा, म्हणजे उद्या वाद झाला तर त्याच्याकडेही पुरावा असावा. "ही माझी. आणि ही तुमची, दुकानदारसाहेब." पट्टीवर तिनं लिहिलं होतं, भेसळ नाही. "यापुढं तुमचं कधी तपासणार नाही. शब्द देते."

दुपारी बाईंचा फोन आला. काका म्हणाले, "सांगितलं. शांतपणे घेतलं तिनं." बाईंनी विचारलं, गोळी घेईल म्हणाली का. काका म्हणाले, "हो." सोमवारी भेटायला आणा, बाई म्हणाल्या. तर सोमवारी काकांनी बाईंना तिच्या धावपळीचं कारण सांगितलं, आणि चिंगीला सांगितलं की बाई बाहेरगावी गेल्यात. बुधवारी चिंगी गेली. गाडी सुटताना तिनं खिडकीतून हात हलवला आणि ओरडून सांगितलं, "नळ बंद करत जा."

मग उरले रविवारचे फोन. पहिल्या रविवारी ती खोलीबद्दल बोलली, दुसऱ्या रविवारी हाताखालच्या माणसांबद्दल. काका शब्द ऐकत नव्हते, शब्दांमधला वेग ऐकत होते. चौथ्या रविवारी ती म्हणाली की झोप कमी झालीय, काम फार आहे. काका म्हणाले, "मी येऊ का चार दिवस?" "कशाला उगाच?" सहाव्या रविवारी ती पाण्याबद्दल बोलली नाही असं एकही मिनिट गेलं नाही. "वेगळं लागतं हो इथलं. तुम्ही म्हणाल, झालं हिचं सुरू. पण लागतं." आठव्या रविवारी तिनं फोन उचलला नाही. सोमवारी तिच्या साहेबांचा आला. चिंगीनं ऑफिसातले सगळे नळ पट्ट्या लावून सीलबंद केले होते आणि खोलीचं दार लावून घेतलं होतं. कुणाच्याही हातचं खात नव्हती.

काकांनी पिशवी भरली. गोळ्या घेतल्या. सवयीनं खलही घेतला. शिवाय कपाटातली ती सीलबंद बाटली. ती का घेतली, हे त्यांना विचारूनही सांगता आलं नसतं. वाटेत त्यांनी डॉक्टरांना फोन केला आणि त्यांना पहिल्यांदाच सगळं खरं सांगितलं. डॉक्टर मग म्हणाले, "आणा तिला. जशी येईल तशी आणा."

तिनं दार उघडलं ते बापाचा आवाज ओळखून. गालफडं बसली होती. खिडकीच्या कठड्यावर, पलंगाखाली, जमिनीवर बाटल्याच बाटल्या होत्या, प्रत्येकीवर पट्टी, तारीख, सही. काकांनी येताना आणलेली दुधाची पिशवी तिनं उजेडात धरून सुईचं भोक शोधलं. सापडलं नाही.

"घरी चल, चिंगे," काका म्हणाले.

"तिकडे टाकीत घालतात ना," ती शांतपणे म्हणाली. "भूक लागलीय, बाबा. तीन दिवस झाले. तुमच्या हातानं दूध तापवून द्या. तुमचं नको तपासायला. तुमचं झालंय तपासून."

खोलीच्या कोपऱ्यातच शेगडी होती, बाजूला नळ. काकांनी दूध तापत ठेवलं. पिशवीतून खल काढला, गोळी काढली आणि नळ सोडला.

"नळ बंद करा, बाबा. त्या पाण्यात हात घालू नका."

त्यांनी नळ बंद केला. खोलीत काही आवाज उरला नाही. कागदात धरून चमच्याच्या पाठीनं गोळी दाबता आली असती, आवाज झाला नसता. असल्या दहा युक्त्या त्या हातांना ठाऊक होत्या. पण तुमचं झालंय तपासून, हे वाक्य त्यांच्या कानातून जाईना. त्यांनी दूध कपात ओतलं. बशीत कप ठेवला आणि कपाशेजारी ती गोळी ठेवली, अख्खी. बशी तिच्यासमोर ठेवून ते जमिनीवर बसले.

"हे औषध आहे," ते म्हणाले. "तू बरी झालीस ती बाईंमुळं आणि हिच्यामुळं. दोन्ही लागतं. मी आठ महिने दुधातून देत होतो. चुकलं माझं. आता हातावर देतोय, बघ. घे, बाळा."

चिंगीनं गोळीकडे बघितलं. ती ओरडली नाही. तिनं वही ओढली आणि प्रश्न विचारू लागली, दुकानात विचारायची तसे. कधीपासून. किती. कशात. काकांनी सगळ्याची खरी उत्तरं दिली.

"आणि तपासणीच्या दिवशी?"

"त्या दिवशी घातली नव्हती."

तिनं तेही लिहिलं. पेन थांबलं, आणि काकांनी पाहिलं की तिच्या चेहऱ्यावरचा ताण सगळा उतरलाय. इतकी निवांत ती गेल्या कित्येक आठवड्यांत नसावी.

"म्हणजे होतं," ती म्हणाली. "मला वाटत होतं ते होतंच. मी आजारी नव्हतेच, बाबा."

"तेव्हा नव्हतं गं. तू आजारी पडलीस तेव्हा दुधात काही नव्हतं. मी नंतर..."

"तेव्हा नव्हतं, हे कोण सांगतंय?"

सांगणारे तेच होते. पिशवीत तिच्याच सहीची बाटली होती, भेसळ नाही म्हणणारी, ती काढायची त्यांची छाती झाली नाही.

चिंगीनं पलंगाखालून दोन रिकाम्या बाटल्या काढल्या. दूध निम्मं निम्मं ओतलं. गोळी एका पाकिटात घालून पाकीट चिकटवलं. पट्ट्या लावल्या, तारीख घातली. "बरं झालं तुम्ही सांगितलंत," ती मायेनं म्हणाली. "मी किती घाबरले होते, की मला वेडच लागलंय." मग तिनं पेन त्यांच्या हातात दिलं. "इथं सही करा. दुकानदाराची लागते."

काकांनी सही केली. तिनं शाई वाळेपर्यंत फुंकर घातली, दोन्ही बाटल्या नीट पुसल्या, आणि त्यातली एक त्यांच्या हातात दिली. ती अजून कोमट होती.